परसातली दक्षिण

हिवाळ्यात आमच्याकडे सकाळच्या चहाला वेळ लागतो. आधण ठेवायचं, आच मंद करायची आणि ते उकळेपर्यंत परसात जाऊन पाखरांना दाणे घालून यायचे, असा शिरस्ता पडला आहे. घालायचं काम थोडं, तयारी फार. घरच्या कपड्यांवर जाड विजार, तिच्यावर कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, कानटोपी, हातमोजे. हातमोजे चढवून झाले की दाण्यांच्या डब्याचं झाकण हातमोज्यांनी उघडत नाही, म्हणून ते पुन्हा काढायचे. मागचं दार ढकलावं तर रात्रभर पडलेल्या बर्फाने ते बाहेरून दाबून धरलेलं. खांदा लावल्यावर हातभर फट पडते. तिच्यातून आधी डबा बाहेर जातो, मग मी. पहिल्या श्वासाला नाकातली ओल गोठते आणि आत काहीतरी बारीक टोचतं. उणे पंधरा म्हणजे काय, हे कळायला मला आता थर्मामीटर लागत नाही. नाक पुरतं.

मी फीडरचं टोपण काढते न काढते तोच डोक्यावरच्या मेपलमधून ‘चिक-अ-डी-डी’ अशी वर्दी फिरते. काळी टोपी, काळी हनुवटी, पांढरे गाल, आणि या सगळ्यात डोळे नेमके कुठे ते पटकन सापडू नये असा चेहरा. ही चिकडी. वजन अकरा-बारा ग्रॅम. बाकीची पाखरं मी आत जाण्याची वाट बघतात, हिला तेवढा दम नसतो. तळहातावर सूर्यफुलाच्या बिया घेऊन न हलता उभं राहिलं तर ती सरळ बोटावर येऊन बसते. त्या नख्यांचा भार जाणवतो तो भार म्हणून नव्हेच. थंडगार, बारीक, जिवंत अशी एक पकड तेवढी कळते. ती एकच बी उचलते आणि जाते. मग ते बी दोन पायांत धरून चोचीने फोडायचं, नाहीतर झाडाच्या सालीतल्या एखाद्या भेगेत खुपसून ठेवायचं. अशा शेकडो भेगा तिच्या लक्षात असतात. शरदात तिच्या मेंदूतला जागांची आठवण सांभाळणारा भाग वाढतो, असं या पक्ष्यांचा अभ्यास करणारे सांगतात. माझी मात्र थंडी सुरू झाली की हातमोज्याची एक बाजू नक्की हरवते.

तिच्या हाकेतल्या ‘डी’सुद्धा मोजून झाल्या आहेत. चपळ, लहान आणि म्हणून जास्त धोक्याचा शिकारी दिसला की शेवटच्या ‘डी’ वाढतात, मोठा आणि सुस्त असला तर कमी होतात; २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं. तेव्हापासून मीही मोजते. मला पाहून ती दोन, फार तर तीन ‘डी’ खर्च करते. माझ्याविषयी इतकं नेमकं मत दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

आम्ही राहतो ते सिराक्यूज न्यू यॉर्क राज्याच्या मध्यावर आहे. न्यू यॉर्क म्हटल्यावर भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं त्याचा इथे मागमूस नाही. वायव्येला ऑन्टारियो सरोवर. ते इतकं खोल आहे की कडाक्याच्या थंडीतही बहुतेक उघडंच राहतं. कॅनडाकडून येणारा कोरडा, गार वारा त्या उबदार पाण्यावरून वाहताना ओल पिऊन घेतो आणि आमच्या अंगावर बर्फ करून टाकतो. हा बर्फ पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. आमच्या घरासमोरचं काही दिसेनासं झालेलं असतं आणि दहा मैलांवरची मैत्रीण फोनवर म्हणते, “आमच्याकडे तर ऊन आहे.” माझं माहेर इगतपुरीचं. घाटमाथ्यावर छत्री उलटी करणारा पाऊस आणि तिथून तासाभरावर सिन्नरला कोरडी धूळ, हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. फक्त इथे पडलेलं वाहून जात नाही, साचून राहतं. एका हिवाळ्यात साधारण तीन मीटर.

या गावाने एकदा बर्फावर बंदीही घातली होती. १९९२च्या मार्चअखेरीस, लांबलेल्या हिवाळ्याला कंटाळून, नगरसभेने रीतसर ठराव केला की येत्या २४ डिसेंबरपर्यंत शहराच्या हद्दीत यापुढे बर्फ पडणं बेकायदा आहे. दोनच दिवसांत बर्फ पडला. आणि त्यानंतरचा जो हिवाळा आला, १९९२-९३चा, त्याने १९२ इंच, म्हणजे जवळजवळ पावणेपाच-पाच मीटर बर्फ टाकून या शहराचा आजवरचा विक्रम केला. ही गोष्ट इथली माणसं मोठ्या अभिमानाने सांगतात. मला त्या ठरावातला विनोद आवडतो, पण त्याहून जास्त आवडतो तो त्यात लपलेला स्वभाव. ज्याच्याशी रोज भांडायचं त्याच्याशीच घरोबा करायचा, हा इथला रिवाज दिसतो.

घरोबा व्हायला मलाही वेळ लागला. पहिले काही हिवाळे मी इतरांसारखे मोजून काढले: फावडं, मीठ, गाडीची काच खरवडणं, हीटिंगचं बिल. मग कधीतरी लक्षात आलं की बर्फाने दार अडवलं की एक मोकळीक मिळते. शाळा बंद, रस्ते बंद, कुणाकडे जाणं नाही, कुणी येणं नाही. इगतपुरीच्या पावसात अशी सुट्टी मिळायची. तेव्हा खिडकीशी बसून पागोळ्या बघणं हे कामच असायचं, कुणी त्याला रिकामपण म्हणत नसे. इथेही मी खिचडी टाकते, डिंकाच्या लाडवांचा डबा जवळ ओढते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसते. बाहेर सगळं पांढरं आणि सपाट झालेलं असतं, म्हणून जे हलतं ते दिसतं. उन्हाळ्यात हेच परस इतकं हिरवं आणि गजबजलेलं असतं की त्यात कोण राहतं याचा पत्ता लागत नाही.

कोण राहतं? एक तर खारी. आपल्याकडच्या खारीपेक्षा थोराड, करड्या, आणि यांच्या पाठीवर रामाची बोटं नाहीत. बहुधा त्यामुळेच यांच्या वागण्यातही मर्यादा नाही. फीडरच्या खांबाला लावलेल्या पत्र्याच्या छत्रीवरून घसरून पडण्याचा कार्यक्रम रोज होतो आणि पडणाऱ्या खारीला लाज अशी ती वाटत नाही. पण हीच खार ऑक्टोबरात ओकची फळं गोळा करताना बघावी. तांबड्या ओकचं फळ वसंतापर्यंत रुजत नाही, म्हणून ते ती जमिनीत पुरते. पांढऱ्या ओकचं मात्र पडल्या पडल्या रुजू लागतं, म्हणून ते ती तिथेच खाते. पुरायचंच झालं तर आधी दातांनी त्याचा कोंब कुरतडून टाकते. पावसाळ्याची बेगमी करताना माझी आजी डाळींना ऊन दाखवायची, तांदळात कडुनिंबाचा पाला घालायची. टिकणारं कुठलं आणि न टिकणारं कुठलं, याची ही समज कोण कुणाला शिकवतं?

एका हिवाळ्यात आई आली होती. बर्फ तिला पहिल्या दिवशी आवडला, दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “हे असं किती दिवस?” पण खिडकी तिने सोडली नाही. गोल्डफिंच नावाच्या चिमण्या पाखरांसाठी आम्ही बारीक भोकांचा एक वेगळा फीडर लावतो. त्यात घालायचं काळं, सडपातळ बी मी भांड्यात ओतत होते. आईने चिमूटभर उचललं, बोटांवर चोळलं, नाकाशी नेलं.

“अगं, ही तर खुरासणी! पाखरांना घालतेस?”

खुरासणीच होती. देशावर जिला कारळं म्हणतात, जिची चटणी भाकरीबरोबर आपण खातो. गोल्डफिंच या बीवर जीव टाकतात, आणि ते इथे पिकत नाही. भारतातून आणि इथिओपियातून जहाजाने येतं. सोबत अमरवेलीसारख्या तणांचं बी येऊ नये म्हणून अमेरिकेत विकण्याआधी ते कडक तापवतात. आईला चटणी करायची होती. हा पाखरांचा माल आहे, माणसांसाठी निवडलेला नाही, असं सांगून मी तिला कसंबसं थोपवलं. मग ती नवरात्राच्या सुमाराचे पेठ-सुरगाण्याकडचे डोंगरउतार सांगत बसली, खुरासणीच्या फुलांनी पिवळे झालेले. बाहेर गोल्डफिंच खात होते. हिवाळ्यात या पाखरांचा रंग मळका, शेवाळी असतो. “यांना सोन्याचं नाव कुणी दिलं?” आईने विचारलं. तिचं परतीचं तिकीट फेब्रुवारीचं होतं, त्यामुळे उत्तर तिला बघायला मिळालं नाही. मार्च सरता सरता हे मळके पंख झडू लागतात आणि नरांच्या अंगावर ठिकठिकाणी लखलखीत पिवळे ठिपके उमटतात, अर्धवट रंगवून सोडलेल्या भिंतीसारखे.

जे दिसत नाहीत त्यांची उपस्थिती मला हिवाळ्यातच जास्त जाणवते. कुंपणाशी ओकखालचा पाचोळा आम्ही झाडत नाही. त्यात कुठेतरी रानबेडूक असावा. थंडी पडली की तो गोठतो, अगदी शब्दशः. यकृतातून साखर रक्तात सुटते आणि पेशींना आतून सांभाळते, पेशींच्या बाहेर बर्फ होतो, श्वास थांबतो, हृदय थांबतं. उचलला तर गोट्यासारखा टणक. एप्रिलमध्ये वितळतो, हृदय पुन्हा चालू लागतं आणि काही दिवसांत तो तळ्यावर जाऊन बायको शोधतो. शेजारच्या शेडखाली ग्राऊंडहॉग झोपलेला असतो. उन्हाळाभर त्याने आमची काकडी खाल्लेली असते आणि आता मिनिटाला जेमतेम पाच-दहा ठोके, एवढ्या हिशेबात तो ती पुरवत असतो.

आणि बर्फाच्या खाली, जमिनीच्या लगत, आणखी एक गाव आहे. वीतभर बर्फ साचला की तो गोधडीचं काम करतो. वर उणे वीस असलं तरी खाली तापमान शून्याच्या जवळपास टिकून राहतं. त्या काळोख्या, ओलसर पोकळीत रानउंदरांचे बोगदे, कोठारं, वाटा असा सगळा संसार हिवाळाभर चालू असतो. वरून काही कळत नाही. कळतं ते कोल्ह्याला. तांबडा कोल्हा पहाटे येतो, मधेच थबकतो, मान तिरकी करून ऐकतो आणि चारी पाय उचलून डोकं खाली अशी उडी घेतो. शेपटीच तेवढी वर राहते. बहुतेक वेळा तोंडात काही नसतं. नाक झटकून, जणू हे असंच ठरलं होतं, असा तो पुढे जातो.

म्हणजे थंडीला द्यायची उत्तरं किती! निघून जावं, झोपून घ्यावं, गोठून पडावं, साठवून ठेवावं, बर्फाखाली घर करावं. नाहीतर चिकडीसारखं रात्रभर कुडकुडत जागेवर राहावं. दिवसभर कमावलेली चरबी ती रात्रीत जाळते. अगदी गार रात्री स्वतःचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरवते आणि सकाळी पुन्हा शून्यातून सुरुवात करते. तिचं हातावर पोट आहे. अशा वेळी आपल्या फीडरमुळेच ती जगते, असं समजण्याचा मोह होतो. विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं ते वेगळं होतं. फीडर हाताशी असूनही चिकडी दिवसाच्या अन्नातला साधारण चौथाच हिस्सा तिथून घेतात, बाकीचं रानातून शोधतात. फक्त फार कडक थंडीत तो चौथा हिस्सा जगण्या-मरण्यातला फरक ठरतो. एरवी माझी गरज तिला थोडी आहे, मला तिची बरीच.

या खिडकीतल्या सुखाला एक कड आहे, ती बोचते. शिकऱ्याच्या कुळातला कूपर्स हॉक फीडरचा पत्ता ओळखून असतो. मी दाणे घालते म्हणून पाखरं एकत्र येतात आणि ती एकत्र येतात म्हणून तो येतो. एका दुपारी होला गेला. परसात करड्या पिसांचं वर्तुळ उरलं आणि त्या वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना बर्फावर पंखांचे ठसे, बोट बोट मोजता येतील इतके स्पष्ट. मुलगी म्हणाली, “आपण फीडर काढून टाकू या.” नवरा म्हणाला, “हॉकलाही हिवाळाच आहे.” दोघांचंही खरं होतं. काही दिवस फीडर आत ठेवला, हॉक दुसरीकडे गेला, पुन्हा लावला. प्रश्न तिथेच आहे. चहाचा कप हातात धरून दुसऱ्याच्या जगण्याची धडपड बघण्यात जी मजा आहे ती कितपत निर्मळ, हे मी अजून ठरवलेलं नाही.

इथून पूर्वेला, शॅम्प्लेन सरोवराच्या पलीकडे व्हरमाँटमध्ये जेरिको नावाचं गाव आहे. विल्सन बेंटली हा तिथला शेतकरी. त्याने १५ जानेवारी १८८५ला कॅमेरा आणि सूक्ष्मदर्शक जोडून हिमस्फटिकाचं छायाचित्र घेतलं, आणि मग जन्मभर तेच करत राहिला. पाच हजारांहून जास्त. आपल्या श्वासाने स्फटिक विरघळू नये म्हणून तो श्वास रोखून काम करायचा. गावाला तो जरा वेडसर वाटे. १९३१च्या डिसेंबरमध्ये वादळातून चालत घरी आला, न्यूमोनिया झाला, गेला. ज्याच्यावर जीव लावला त्यानेच जीव घ्यावा, असं हळहळून म्हणता येईल. पण बेंटलीला तशी हळहळ वाटली असती का? कोटाच्या काळ्या बाहीवर उतरलेला षटकोनी कण बघताना मला तो माणूस आठवतो आणि मीही नकळत श्वास धरते.

या सगळ्यांत माझ्या मनात घर करून आहे तो जंको. पाठ पाटीसारखी करडी, पोट पांढरं, शेपटीच्या कडांना पांढऱ्या रेघा. ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी हे डेकखाली उतरलेले दिसतात आणि हिवाळाभर फीडरखाली सांडलेलं वेचतात. बर्फावर इतके सहज वावरतात की ते इथलेच वाटावेत. पण त्यांतले बरेच उत्तरेकडून, कॅनडातल्या सूचिपर्णी अरण्यांतून आलेले असतात. हिवाळा टाळायला. आम्ही ज्याला जीवघेणी थंडी म्हणतो, ती त्यांची उबदार जागा. आमचं परस ही त्यांची दक्षिण!

हे ध्यानात आलं त्या दिवशी मी जरा हबकले. त्याच फीडरवर, तिन्हीसांजेला, सगळे गेल्यावर कार्डिनलची जोडी येते. नर डोक्यावर तुरा असलेला, तांबडा भडक. मादी विटकरी, पण चोच तिचीही केशरी. हा मुळात दक्षिणेचा पक्षी. शंभर वर्षांमागे या भागात तो क्वचितच दिसायचा. विसाव्या शतकात हळूहळू वर सरकला आणि इथलाच झाला. थंडी पडली म्हणून परत जाण्याची चाल त्याच्याकडे नाही. तर अशी एकाची दक्षिण आणि दुसऱ्याची उत्तर माझ्या खिडकीपासून दहा पावलांवर एकमेकांना खेटून दाणे टिपत असतात. दोघांपैकी कुणीही हिवाळा सोसल्याचा आव आणत नाही. मीही दक्षिणेहून येऊन इथे राहिलेली. कार्डिनलशी माझं गोत्र जुळतं असं वाटतं खरं, पण इगतपुरीच्या पहिल्या पावसाचं नुसतं नाव काढलं की माझ्यातलाही एक जंको पंख चाचपतो.

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पुरता गेला. जंको कधी गेले ते कळलं नाही. येण्याचा दिवस लक्षात राहतो, जाण्याचा राहत नाही. परसातल्या दबलेल्या गवतावर रानउंदरांच्या वाटा उघड्या पडल्या होत्या, वळणं, चौक, आडगल्ल्या. मी त्या बघत उकिडवी बसले होते, तेवढ्यात शेजारचे आजोबा कुंपणाशी आले. ते आणि आजी नाताळ झाला की फ्लोरिडाला जातात आणि ऊन पडल्यावर परततात.

“कसा गेला हिवाळा?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना बोगद्यांचं गाव दाखवलं. त्यांनी चष्मा सावरून नीट पाहिलं आणि म्हणाले, “लॉन नव्याने पेरावं लागणार तुम्हाला.”

“तुमच्याकडे तिथे कुठले पक्षी होते?” मी विचारलं.

ते जरा विचारात पडले. “पेलिकन. बगळे. आणि रॉबिन, थवेच्या थवे. आमच्या झाडावरची सगळी फळं त्यांनी संपवली.”

रॉबिन म्हणजे आमचा वसंताचा पक्षी. तो दिसला की इथली माणसं फावडी आत ठेवतात. त्याच वेळी त्यांच्या लॉनवर दोन रॉबिन ओल्या मातीतून गांडुळं ओढत होते. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे तेच असतील असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“तुम्हीच सांगा,” मी म्हटलं, “तुम्ही एकाच रस्त्याने आलात.”